भूर्जपत्र : पोथीची साल, ताईताची साल

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अडीच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगेनात. शेवटी कळलं, घरातली अडचण जावी म्हणून भूर्जपत्रावर लिहिलेला ताईत करून घ्यायचा होता. (त्यांना विचारूनच हे सांगते आहे.) द्यावं की नाही यावर वाद झाला. मी मात्र घरी येऊन भूर्जपत्र म्हणजे काय ते वाचत बसले.

भूर्ज हे झाड आहे आणि भूर्जपत्र ही त्याची साल. नावात 'पत्र' असलं तरी पान नव्हे. हे झाड हिमालयात, साधारण तीन हजार मीटरच्या वर वाढतं. आपलं सगळ्यात उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटर. तेव्हा दिंडोरी-पेठच्या रानात कितीही हिंडा, भूर्ज मिळायचा नाही. चॉकलेटात घालतात ते हेझलनट याच कुळातल्या झुडपाचं फळ. ते सगळ्यात जास्त तुर्कस्तानात पिकतं.

भूर्जाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी थराथरानं सुटते. तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून काश्मिरात मातीच्या छपराखाली ती अंथरत. आणि कागद येण्याआधी तिकडची पोथी या सालीवरच लिहीत. अकराव्या शतकात अल्बेरूनीनं नोंदवलंय, दक्षिणेत ताडपत्र, उत्तरेत भूर्ज. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकात उर्वशी प्रेमपत्र लिहिते तेही भूर्जपत्रावर. ते नेमकं राणीच्या हाती लागतं, मग काय होतं ते तुम्हाला सांगायला नको!

अशा पोथ्या आपल्या पुण्यातही आहेत. मुंबई सरकारच्या शिक्षण खात्यातले जर्मन पंडित ब्यूलर १८७५ साली काश्मीरला गेले आणि हस्तलिखितं घेऊन आले. ती आधी डेक्कन कॉलेजात होती, पुढे १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेकडे आली. त्यात शारदा लिपीतला, भूर्जपत्रावरचा ऋग्वेद आहे. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोनं २००७ साली जागतिक ठेवा म्हणून नोंद केली. जुनी साल ठिसूळ होते, हात लावला तर तुकडा पडतो, म्हणून फार जपावं लागतं.

झाडाचं काय? गंगोत्रीच्या वाटेवर भोजबासा नावाचं ठिकाण आहे, नावच भोजवृक्षावरून पडलेलं. यात्रेकरूंच्या चुलींसाठी तिथली झाडं तुटत गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिकडे पुन्हा रोपं लावली. या झाडाची वाढ फार सावकाश असते.

उत्तराखंडच्या नीती-माणा खोऱ्यातल्या आपल्यासारख्याच गटांच्या बाया आता भोजपत्रावर सुंदर अक्षर काढून विकतात. २०२२ साली पंतप्रधान माणा गावी आले तेव्हा त्यांनाही अशी भेट दिली होती. हे मला आवडलं, फक्त साल खरवडून काढलेली नसावी, आपोआप सुटलेली असावी.

आमच्या ताईंचा अर्ज पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं, पैसे देण्याआधी ते भूर्जपत्र उजेडात धरून बघा. खऱ्या सालीवर बारीक आडव्या रेघा असतात आणि नखानं पापुद्रा सुटतो. ताई म्हणाल्या, "आणि खरं निघालं तर?" यावर गटात अजून एकमत नाही.