गुण आणि शील

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अंगी नेतृत्वगुण कसे बाणवावेत, हा प्रश्न हल्ली पालक आणि प्राध्यापक दोघांच्याही तोंडी असतो. वक्तृत्व, संघटन आणि धडाडी एवढे असले की नेता घडला, असा सर्वसाधारण समज आहे. लातूर-नांदेडच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे मात्र एवढ्यावर आमचे समाधान होत नाही.

निजामी राजवटीच्या अखेरच्या पर्वात लातूरला कासीम रझवी नावाचा एक वकील होता. अलीगढला तो कायदा शिकला होता. वक्तृत्व, संघटन, धडाडी यांपैकी कशाचीच त्याला वाण नव्हती. परंतु हे सारे त्याने द्वेषाच्या कामी लावले आणि त्याच्या रझाकारांनी गावेच्या गावे भयग्रस्त करून सोडली. त्याच प्रदेशात, लातूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईस, स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यापूर्वी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवीत. गुण दोघांपाशीही होते. भेद होता तो शीलाचा.

१९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. पाठोपाठ औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्यावरील बंदी झुगारली. शेकडो मुलांना महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दारे उघडली. परंतु डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. त्याच वेळी चाललेल्या धार्मिक संघटनांच्या सत्याग्रहांशी त्याची गल्लत होऊ नये, लढा राजवटीशी राहावा, एखाद्या धर्माशी नव्हे, हा त्यामागचा विचार होता. मुलांच्या धैर्याइतकेच हे थांबणेही आम्हांस मोलाचे वाटते.

रझाकारांवर निर्भयपणे टीका करणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत हत्या झाली. अन्यायाविरुद्ध उभे राहण्यास धर्माची आडकाठी नसते, हे त्यांनी प्राण देऊन दाखविले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. मात्र खरी कसोटी त्यानंतरच लागली. पंडित नेहरूंच्या सरकारने पाठविलेल्या सुंदरलाल समितीच्या अंदाजानुसार पोलीस कारवाईच्या वेळी व नंतरच्या सूडसत्रात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत निदान १८,००० माणसे मारली गेली. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि त्यांतील कित्येकांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण करणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे. आमच्या मते त्या दिवसांतील खरे नेते तेच होत.

स्वामीजींनी पुढे शिक्षणाची वाट धरली. त्यांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नरहर कुरुंदकरांसारखे परखड विचारवंत त्याचे प्राचार्य झाले. तरीही एका संस्थेने समाजाचे मन पालटत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीस पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नामांतरविरोधी आंदोलनात महाविद्यालयीन तरुणही पुढे होते, हे आम्हां शिकविणाऱ्यांना खाली पाहावयास लावणारे सत्य आहे. संघटन त्यांना साधले होते. आपल्याच वर्गात बसणारा दलित सोबती मात्र त्यांना आपला वाटला नव्हता. १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरची मुलेही त्याच्याच पदव्या घेतात.

तेव्हा नेतृत्वाची कसोटी एकच: जो आपल्यातला नाही, त्याच्यासाठी आपण काय करतो? वसतिगृहात कोणाच्या पंगतीस कोण बसत नाही, स्नेहसंमेलनाच्या समितीत कोणाला कधीच घेतले जात नाही, आपलेच मित्र चुकत असताना 'थांबा' कोण म्हणतो, येथेच तिचे पहिले धडे मिळतात. मुलगा वक्तृत्वाचे पारितोषिक घेऊन घरी आला की आपण त्याचे कौतुक अवश्य करावे. त्याच वेळी, वर्गात एकट्या पडलेल्या मुलाशेजारी तो कधी जाऊन बसला का, हेही त्याला विचारावे.