प्रथमफळ आणि सरवा : सप्ताहांच्या सणाचा ख्रिस्ती अर्थ व उल्हास खोरे

इब्री लोकांचे प्रमुख सण शेतीच्या ऋतुचक्राशी निगडित होते. वल्हांडणाच्या दिवसांत पहिल्या पिकाची पेंढी याजकाच्या हाती द्यावयाची, तेथून सात आठवडे मोजावयाचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या धान्याच्या दोन भाकरी देवापुढे अर्पावयाच्या, असा विधी लेवीय ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात सांगितला आहे. हाच सप्ताहांचा सण. ग्रीक भाषेत त्यास ‘पन्नासावा’ या अर्थाचे पेन्टेकॉस्ट हे नाव मिळाले.

ख्रिस्ती धर्मविचाराने या विधीचा त्याग केला. त्यातील परिभाषा मात्र जतन केली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने पुनरुत्थित ख्रिस्तास ‘प्रथमफळ’ म्हटले आहे. पहिली पेंढी ही मागून येणाऱ्या सर्व पिकाची हमी होय. तद्वत ख्रिस्ताचे उठणे ही सर्व श्रद्धावंतांच्या पुनरुत्थानाची हमी ठरते. प्रेषितांच्या कृत्यांत याच सणाच्या दिवशी पवित्र आत्म्याचे आगमन होते आणि यरुशलेमेत जमलेल्या नाना देशींच्या लोकांस आपापल्या भाषेत संदेश ऐकू येतो. पीक आता धान्याचे न राहता माणसांचे झाले.

हा सण कोकणात आला तेव्हा एक कालविसंगती उद्भवली. पॅलेस्टाइनची शेती हिवाळी पावसावर अवलंबून असल्याने तेथे मे-जूनच्या सुमारास गहू हाती येतो. उत्तर कोकणात तेच दिवस मृगाच्या प्रतीक्षेचे व भातपेरणीचे असतात. परिणामी एका सणाची दोन पर्वे झाली. पेन्टेकॉस्ट चर्चच्या पंचांगात धान्याविना राहिला. आणि मुंबई, साष्टी व वसई येथील ईस्ट इंडियन समाजाने ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करण्याची परंपरा राखली. त्या दिवशी भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात. ‘आगेरा’चा संबंध शेत या अर्थाच्या लॅटिन ‘आगेर’ शब्दाशी जोडण्यात येतो. मराठीतील ‘आगर’ हा शब्द भिन्न कुळातील असला, तरी मीठागरे व नारळीच्या आगरांत वावरणाऱ्या कोकणी कानास हे नाव परके वाटले नसावे.

परंतु शेतच उरले नाही, तर सणाचे काय उरते? उल्हास नदीच्या खोऱ्यात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधील निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ कारखान्यांचे नगर बनले. बदलापूरभोवतीची भातखाचरेही घरबांधणीने व्यापत चालली आहेत. येथील ख्रिस्ती कुटुंबे मराठीखेरीज मल्याळम, तमीळ, कोकणी आदी भाषा बोलतात आणि बहुतांशी वेतनावर निर्वाह करतात. त्यांना अर्पावयास स्वतःच्या शेतातील पेंढी कोठून मिळावी?

उत्तर मूळ विधीतच आढळते. अनुवादाच्या २६ व्या अध्यायानुसार प्रथमउपज अर्पिणारा मनुष्य आपला पूर्वज भटका अरामी होता आणि आपले लोक मिसर देशात दास होते, असे प्रकटपणे सांगतो. म्हणजे भूमी मिळाल्यावरही निर्वासितपणाची आठवण हा अर्पणाचाच भाग होता. सप्ताहांच्या सणाच्या आनंदात उपरी, अनाथ व विधवा यांना सहभागी करून घेण्याची आज्ञा त्याच ग्रंथात आहे. आणि लेवीय ग्रंथात या सणाच्या विधीनंतर लगेच येते ती सरव्याची आज्ञा : शेताचे कोपरे संपूर्ण कापू नयेत, मागे पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरीब व उपऱ्यांसाठी ठेवावीत. यहुदी परंपरेत याच सणास वाचला जाणारा रूथचा ग्रंथ तर सरवा वेचणाऱ्या एका मवाबी विधवेचीच कथा होय.

‘उपरी’ हा शब्द मराठी बायबलात परदेशीय रहिवाशासाठी योजिला आहे. व्यवहारात मात्र तो हेटाळणीचा ठरतो. ज्या वसाहतीत बहुतेकांचे पूर्वज कधी ना कधी उपरी होते, तेथे या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येतात. प्रथमफळाने श्रद्धावंतास आशा दिली. सरव्याने त्या आशेवर ऋण ठेविले. शेत गेल्याने पेंढीचा विधी दुर्घट होतो, हे खरे. परंतु मिळकतीचा एक कोपरा न कापता दुसऱ्यासाठी ठेवण्याचे कर्तव्य वेतनालाही तितकेच लागू पडते. सणाचा आध्यात्मिक अर्थ धान्यापासून सुटला तो येथे. माणसापासून तो सुटलेला नाही.