मिशीवाल्या माशांची नावं

शाहूपुरीतल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, तीन फुटांची काचेची पेटी आहे. मुलीच्या हट्टापायी आणलेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि पेटी माझ्या गळ्यात राहिली. तिच्यात रिबिनीसारख्या लांब पातीची पाणवनस्पती दाट वाढली आहे आणि त्या हिरव्या पातीतून डझनभर बार्ब सारखे ये-जा करत असतात. काही पट्ट्यापट्ट्यांचे, काही गुलाबी. दुकानदार पोरगा म्हणाला होता, "चाचा, सगळा इंपोर्टेड माल आहे."

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. पट्टेवाले टायगर बार्ब दोनच आणले आणि सोबत लांब परांचा एंजल मासा सोडला. आठ दिवसांत त्या बिचाऱ्याच्या परांच्या चिंध्या झाल्या. जाणकारांनी सांगितलं, बार्ब हा कळपाचा मासा. सहा-आठ तरी हवेत. मग ते आपसांतच भांडतात आणि शेजाऱ्याला सोडतात. शेजारीही आखूड परांचा, चपळ असावा. गुलाबी बार्बांचा दुसरा छंद म्हणजे कोवळा पाला कुरतडणं. नाजूक झाडं त्यांनी फस्त केली. ही चिवट पात तेवढी टिकली.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं, आमच्याही पायरीला लागलं. वीज गेली, पेटीतला पंप बंद पडला. पेटीत हवा जावी म्हणून मी तांब्याने पेटीतलंच पाणी उचलून उंचावरून पुन्हा तिच्यात ओतत बसलो. बाहेर नदी दाराशी आणि मी आत तांब्याने नदी करतोय! पाणी ओसरल्यावर पायरीशी साचलेल्या डबक्यात बोटभर लांबीचे चार मासे दिसले. रुपेरी अंग, शेपटीजवळ काळा ठिपका. अगदी माझ्या गुलाबी बार्बांच्या गोतातले, फक्त रंग न लावलेले. शेजारच्या कुंभार आजोबांना विचारलं, हा कुठला मासा? ते म्हणाले, "बारका मासा. कालवणाचा." बादलीतून ते चार जीव मी पंचगंगेत सोडून आलो, पण नाव काही मिळालं नाही. कवीला बिननावाची गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. मी वाचू लागलो.

बार्ब हा शब्द लॅटिन 'बार्बा'वरून आला. बार्बा म्हणजे दाढी. यांतल्या बऱ्याच माशांच्या तोंडाशी मिशांसारखे तंतू असतात, त्यावरून हे नाव. माझा गुलाबी बार्ब तर इंपोर्टेड नव्हेच. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आहे. अशा छोट्या माशांच्या गटाला त्याने 'पुंटियस' म्हटलं, ते बंगालीतल्या 'पुंटी'वरून. पट्टेवाला मात्र खरोखर सुमात्रा-बोर्निओकडचा. तेवढ्यापुरता दुकानदार खरा.

मग आपल्या मुलखाचं काय? इथे विल्यम हेन्री साइक्स भेटतो. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला त्याची नेमणूक झाली. माणसं, पिकं, पक्षी असं सगळं मोजता-नोंदवता तो माशांपर्यंत आला. १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात त्याचा दख्खनच्या माशांवरचा लेख छापून आला. त्यातली नावं वाचताना मी ताठ बसलो. खुद्री, कोलूस, नुक्ता, पोटाईल, सांडखोळ, फुलंगी. नदीकाठी जी मराठी नावं कानावर आली, तीच साहेबाने लॅटिनच्या ओळीत बसवली होती. 'रोहटी' हे तर त्याने अख्ख्या प्रजातीचं नाव केलं. ज्यांनी त्याला मासे दाखवले असतील त्या भोयांची, कोळ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र जगभरच्या शास्त्रग्रंथांत आजही जिवंत आहेत.

त्याच यादीत एक नाव होतं, 'बार्बस मुसल्ला'.

आमच्या घरात मुसल्ला म्हणजे नमाजाची चटई. अब्बांचा मुसल्ला अजून कपाटात घडी करून ठेवलेला आहे. साहेबाच्या कानावर नेमका कोणता उच्चार पडला असेल, कोण जाणे. मुसळासारखा मासा म्हणून मुसळ्या असंही कुणी म्हणत असेल. मी अर्थ लावत बसलो नाही. पण मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला आयुष्यभर 'तुमची भाषा उर्दू ना?' हा प्रश्न ऐकावा लागतो. कृष्णेच्या पाण्यात या नावाचा एक दांडगा मासा दोनशे वर्षं पोहतोय, हे वाचून मी एकटाच हसलो. त्या माशालाही गोत शोधत फिरावं लागलं. अभ्यासक बराच काळ त्याला महासीरच्या घरात बसवत होते. २०१३ मध्ये दाखवून दिलं गेलं, की हा महासीर नव्हे. 'हिप्सेलोबार्बस' या मोठ्या बार्बांच्या घरातला. महासीर म्हणजे तो साइक्सचाच खुद्री.

मोठ्या माशांना नावं मिळाली, कारण ते बाजारात येत. बारक्यांच्या वाट्याला ती उशिरा आली. गोव्याच्या ओढ्यांतल्या एका देखण्या छोट्या बार्बचं वर्णन छापगर आणि साने यांनी केलं ते १९९२ साली. मुंबईच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेल्या सेटना यांच्या नावावरून तो 'सेटनाई' झाला. आंबोलीला उगम पावून आजऱ्यावरून जाणारी आपली हिरण्यकेशी. तिच्यातल्या एका बार्बला 'लाँगिकॉडा' हे नाव मिळालं २०१४ मध्ये. तोवर तोही बारका मासा, कालवणाचाच असणार.

नाव मिळणं नेहमी सुखाचंच असतं असं नाही. केरळच्या ओढ्यांतला, लाल-काळ्या रेघांचा डेनिसन बार्ब बघा. १८६५ मध्ये मद्रासच्या गव्हर्नराचं नाव त्याला दिलं गेलं. पुढे व्यापाऱ्यांनी त्याला 'मिस केरळ' केलं आणि परदेशातल्या काचपेट्यांसाठी ओढेच्या ओढे उपसले. २००८ मध्ये केरळ सरकारला त्याच्या पकडीवर निर्बंध आणावे लागले. २०१३ मध्ये त्याला नवं कुळ मिळालं, 'सह्याद्रिया'. नाव गोड आहे. तरी दुकानात तो मासा दिसला की मी आधी विचारतो, पैदास केंद्रातला आहे की ओढ्यातला? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे सरकतो.

मध्यंतरी पंचगंगा घाटावर जाळं उकलत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी साइक्सची यादी वाचून दाखवली. नदीत अधूनमधून मेलेल्या माशांचा खच दिसतो, त्याच जागी.

"मामा, मुसल्ला मासा ऐकलाय?"

त्यांनी माझ्या दाढीकडे बघितलं. "मुसल्ला तुमच्या मशिदीत असतोय की."

आम्ही दोघंही हसलो. मी पुढचं नाव घेतलं. "आणि कोलूस?"

"कोळशी व्हय? असतोय की." जाळ्याची गाठ सोडता सोडता ते थांबले. "म्हंजे, असायचा."