काट्यामागचं गणित

बाबांच्या जुन्या मारुती 800 ची स्पीडोमीटरची तबकडी उन्हाने पार फिकी पडली होती. म्हटलं, घरीच नवी करू. स्कॅन केली, आकडे जरा 'छान' अंतरावर मांडले, प्रिंट काढून चिकटवली. रस्त्यावर जीपीएस म्हणतंय 50, काटा 40 वर! बाबांनी गाडी बाजूलाच घेतली.

चूक समजायला 1902 मध्ये जावं लागलं. ऑटो शुल्झने तेव्हा पेटंट घेतलं: चाकांबरोबर चुंबक फिरतो, धातूच्या वाटीत विद्युतप्रवाह तयार होऊन ती ओढली जाते, बारीक स्प्रिंग तिला अडवते. वेग दुप्पट, तर काट्याचा कोनही दुप्पट. म्हणजे आकड्यांची जागा स्प्रिंग ठरवते, डिझायनर नाही!

आता खुणा जुन्याच, रंग नवा. बाबांचा काट्यावर विश्वास बसलाय. माझ्यावर अजून नाही.