180 बाय 50

थळच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची चौकट पडून आहे. 180 मिलिमीटर रुंद, 50 मिलिमीटर उंच, कडेला वाकवायच्या छोट्या जिभा. बाबांच्या सेकंडहँड मारुती 800 मधला कॅसेटचा टेप याच चौकटीत बसायचा. गाडी गेली, टेप गेला, चौकट राहिली. गेल्या महिन्यात मी ती खाली काढली, कारण माझ्या नव्या गाडीची स्क्रीन बदलायला अलिबागला गेलो तर दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, याच्यात भोकच नाय."

हे भोक कुठून आलं, ते मी शोधत बसलो.

'कंपनी फिटेड' म्हणजे अस्सल आणि बाहेरचा म्हणजे उपरा, असं आपण धरून चालतो. इतिहास उलटा आहे. 1930 साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं. पुढे अख्ख्या कंपनीचं नाव तेच झालं. गॅल्विन मोटारी बनवत नव्हते. गाडी एकाकडून घ्यायची आणि रेडिओ दुसऱ्याकडून बसवून घ्यायचा. म्हणजे गाडीतलं गाणं मुळात बाहेरचंच.

मग कॅसेट आली. ती फिलिप्सने 1963 साली दाखवली होती, आणि काही वर्षांत ती डॅशबोर्डमध्येही शिरली. पण प्रत्येक गाडीचा खळगा वेगळा, म्हणून पत्रा कापा, कानस मारा, लाकडाची पट्टी ठोका. जर्मन मानकसंस्थेने यावर एक माप ठरवलं, 180 बाय 50. 1984 मध्ये ते आयएसओ 7736 या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झालं. जपानी गाड्यांत त्याच्या दुप्पट उंचीचा, 180 बाय 100 चा खळगाही रूढ झाला. आपल्याकडे 'सिंगल डिन', 'डबल डिन' म्हणतात, त्यातला डिन म्हणजे ती जर्मन संस्था.

माझ्या धंद्यात याला इंटरफेस म्हणतात. आत काय आहे ते मला माहीत नसलं तरी चालतं, जोडणी ठरलेली असली की झालं. तारांचंही तसंच. पिवळी कायम बॅटरीला, लाल किल्ली फिरवली की चालू, काळी अर्थिंग. मानकापेक्षा हा रिवाज जास्त, पण दुकानातल्या पोराला तेवढं पुरायचं.

मारुती 800 ची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाच्या हाती पडली, म्हणजे हे मानक आणि ही गाडी जवळपास एकाच वयाची. बाबांच्या गाडीत त्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण होतं. आरसीएफच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून ते एका रविवारी मुंबईला गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून टेप घेऊन आले. मांडव्याची लाँच, मांडीवर खोका. बसवायला अर्धा तास. थळहून मुंबई पाण्यापलीकडेच, त्यामुळे एफएम स्वच्छ लागायचं. कार्ले खिंड आली की खरखर, मग कॅसेट. स्पीकर मात्र टिकायचे नाहीत. खारं वारं तांब्याच्या तारा हिरव्या करतं आणि पावसाळ्यात कागदी कोन मऊ पडतात. बाबांनी दोनदा बदलले.

या मोकळ्या मापाला एक किंमतही होती. कुठल्याही गाडीत बसतो तो टेप कुठल्याही गाडीतून काढताही येतो. म्हणून टेपचा दर्शनी भाग सुटा करून खिशात घालायची सोय आली. मुंबईत गाडी लावली की बाबा तो भाग काढून चष्म्याच्या डबीत ठेवत. चोरी थांबवायचा तो उपाय मला अजून आवडतो, कारण मालकाला त्यात काही गमवावं लागत नव्हतं.

बदल आला तो दुसऱ्या दिशेने. 1986 मध्ये बॉशने कॅन बस जाहीर केली: गाडीतले वेगवेगळे कंट्रोलर दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. वायरिंगचं जंगल कमी करणं हा उद्देश, आणि तो रास्तच होता. पण हळूहळू स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, काही गाड्यांत एसी सुद्धा त्या संभाषणात स्क्रीनमार्फत सामील झाला. बाजारातली अँड्रॉइड स्क्रीन लावायची तर मध्ये एक दुभाष्या डबी लागते, आणि ती तुमच्याच मॉडेलची भाषा जाणणारी हवी. वायर कापली तर वॉरंटीवर वाद. म्हणून सगळे 'कपलर टू कपलर' विचारतात.

चोरी जवळपास संपली. ती स्क्रीन दुसऱ्या गाडीत चालतच नाही, तर चोरून करायचं काय? फक्त आता माझ्याच गाडीत दुसरी स्क्रीन चालवायची तर मीही चोराच्याच रांगेत. कोड लिहिणारा म्हणून मला यातली सफाई कळते. असली कुलपं मी स्वतः लिहिली आहेत, आणि समीक्षेच्या मीटिंगमध्ये 'सुरक्षा' म्हणून त्यांची बाजूही मांडली आहे.

त्या पोराने पॅनेल काढून दाखवलं. स्क्रीनमागे आडवीतिडवी पोकळी, एक रुंद कपलर, माप कशालाच नाही. "लावून देतो, पण कॅमेऱ्याची गॅरंटी नाय देत," तो म्हणाला. मग त्यानेच दाराचं अस्तर उघडलं. आत साडेसहा इंची गोल स्पीकर, दोन तारा, चार स्क्रू. कोनाला कडेने बुरशी धरली होती.

स्क्रीन तशीच ठेवली. स्पीकर बदलले, प्लास्टिक कोनचे.