अष्ठीला ग्रंथीची वृद्धी व हॉर्मोने

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाच्या आरंभीच्या भागास वेढून असणाऱ्या ग्रंथीला अष्ठीला ग्रंथी म्हणतात. तरुणपणी तिचे वजन सु. २० ग्रॅ. असते. उतारवयात तिचा मूत्रमार्गालगतचा भाग वाढून मूत्रमार्ग दाबला जातो. त्यामुळे रात्री वारंवार लघवीस उठावे लागते, धार बारीक होते व प्रसंगी लघवी तुंबते. ही वाढ कर्करोगाची नव्हे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवपरीक्षांच्या संकलनानुसार ५१ ते ६० वर्षे वयाच्या सु. निम्म्या पुरुषांत ती आढळते. तिशीच्या आत ती आढळत नाही.

सुश्रुतसंहितेत गुद व मूत्राशय यांच्या दरम्यान उद्‌भवून मलमूत्र अडविणाऱ्या, गोट्यासारख्या कठीण गाठीस वाताष्ठीला म्हटले आहे. ग्रंथीचे मराठी नाव त्या शब्दाशी नाते सांगते. तथापि सुश्रुतांना हीच विकृती अभिप्रेत होती, असे खात्रीने म्हणता येत नाही.

या ग्रंथीचा वृषणांशी असलेला संबंध प्रथम जनावरांत दिसून आला. खच्ची केलेल्या नरांत ती लहान व शिथिल राहते, असे जॉन हंटर (१७२८–९३) यांनी १७८६ मध्ये नमूद केले. याच आधारावर फिलाडेल्फियाचे शल्यविशारद जे. विल्यम व्हाइट यांनी १८९३ मध्ये वृद्ध रुग्णांची वृषणे काढून टाकण्याचा उपाय सुचविला. १८९५ मध्ये त्यांनी १११ रुग्णांचा वृत्तांत दिला. बहुतेकांची ग्रंथी आक्रसली. परंतु शेकडा सु. १८ रुग्ण दगावले. रुग्णांची नाखुषी हेही एक कारण होतेच. भारतातील लष्करी-वैद्यकीय सेवेत मूतखड्याच्या शस्त्रक्रियांमुळे नावारूपास आलेले पीटर फ्रायर यांनी १९०० पासून लंडनमध्ये मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथीच कोरून काढण्यास आरंभ केला, आणि व्हाइट यांचा उपाय मागे पडला. उपाय क्रूर असला, तरी त्यामागील तर्क चुकीचा नव्हता, हे पुढे सिद्ध झाले.

टेस्टोस्टेरोन हे वृषणातील हॉर्मोन १९३५ मध्ये शुद्ध रूपात मिळाले. शिकागोचे चार्ल्स हगिन्झ (१९०१–९७) यांनी १९४० च्या सुमारास कुत्र्यांवर व काही रुग्णांवर प्रयोग करून ग्रंथीचे या हॉर्मोनावरील अवलंबित्व दाखविले. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावरील हॉर्मोन-चिकित्सेबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक कोडे उरले. वयाबरोबर रक्तातील टेस्टोस्टेरोन कमी होत जाते, मग ग्रंथी वाढते कशी? १९६८ मध्ये निकोलस ब्रुखॉव्हस्की व जीन विल्सन यांनी दाखविले की, ग्रंथीतील कोशिकांत या हॉर्मोनाचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरोनात रूपांतर होते. याची साक्ष अनपेक्षितपणे डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यात मिळाली. तेथील काही कुटुंबांत जन्मतः मुली वाटणारी मुले वयात येताना पुरुष बनत. त्यांच्यात हे रूपांतर घडविणारे एंझाइम आनुवंशिकतेने उणे होते, असे १९७४ मध्ये आढळले. त्यांची अष्ठीला ग्रंथी आयुष्यभर लहानच राहते. हेच एंझाइम रोधणारे फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मान्य झाले. त्याने ग्रंथी सु. पाव हिश्शाने आकसते, मात्र त्यास कित्येक महिने लागतात.

तरीही कोडे पुरते सुटले नाही. लठ्ठ पुरुषांत टेस्टोस्टेरोन बहुधा कमीच असते. असे असूनही त्यांची ग्रंथी मोठी आढळते. स्वीडनमधील यान हामारस्टेन व त्यांचे सहकारी यांना १९९८ पासूनच्या अभ्यासांत मधुमेह, रक्तदाब व स्थूलता असणाऱ्यांत ग्रंथीची वाढ अधिक वेगाने होत असल्याचे दिसले. रक्तातील इन्शुलिनाच्या वाढत्या पातळीशीही तिचा संबंध आढळला. इन्शुलिनाची रचना एका वृद्धिकारक द्रव्याशी मिळतीजुळती आहे. शिवाय मेद ऊतकात टेस्टोस्टेरोनाचे स्त्री-हॉर्मोनात रूपांतर होते, तेही वाढीस पोषक असावे. बॉल्टिमोर येथील दीर्घकालीन पाहणीतही (२००६) स्थूलतेचा हा संबंध दिसून आला. वजन घटविल्याने किंवा मधुमेहावरील औषधांनी वाढलेली ग्रंथी लहान होते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.