तारीख आणि वंशावळ

लग्नसराई सुरू झाली म्हणजे गढ्यातील आमच्या बिऱ्हाडी रात्री लवकर झोपण्याचे नाव काढावयास नको. मदनमहालच्या टेकडीखालून वरात निघते. पुढे मालमोटारीवर ध्वनिक्षेपकांची भिंत, आणि तिच्यामागे यंत्रावर दोन्ही हात ठेवून उभा असलेला एक तरुण. त्याचे नाव कोणासही ठाऊक नसते. सारे त्यास नुसते 'डीजे' म्हणतात. आम्ही खिडक्या लावून घेतो, कानांवर उशी ओढतो आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करतो.

गेल्या लग्नसराईत आमच्या कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने आमचे हे गाऱ्हाणे ऐकून घेतले आणि म्हटले, "साहेब, रागावता काय? यंत्रावरचे हे नृत्यसंगीत आपल्या मुंबईत जन्मले आहे. शिकागोवाल्यांनी ते आपल्याकडून उचलले." विधान मोठे अभिमानाचे होते, आणि अभिमानाची विधाने तपासून घ्यावीत, ही सवय दप्तरी कामाने आम्हांस लावली आहे. म्हणून आम्ही या प्रकरणाचा मागोवा घेतला. जे आढळले ते वाचकांपुढे ठेवतो.

चरणजितसिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार आणि विजेवरची वाद्ये वाजविली. पडद्यावर नाव नायकाचे, तबकडीवर गायकाचे. वादक नेहमी काळोखातच बसावयाचा. १९८० मध्ये 'कुर्बानी' आला आणि हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट उसळली. त्या लाटेत पोहणारे पुष्कळ होते. चरणजितसिंगांना मात्र वाटले की, हाच ठेका घ्यावा, पण त्यावर चित्रपटाची चाल न बसविता आपले राग वाजवावेत.

त्यांच्यापाशी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे होती. ज्युपिटर-८ हा स्वरयंत्रांतील राजा. टीआर-८०८ हे ठेका धरणारे यंत्र. आणि टीबी-३०३ ही छोटीशी पेटी, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जातील साथ मिळावी म्हणून काढलेली. या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि ज्याचा कान मींडेवर पोसला आहे त्यास तिचे मोल सांगावयास नको. ही यंत्रे एकमेकांस जोडून त्यांनी भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. तबला नाही, शब्द नाहीत. एकसारखा धावणारा ठेका आणि त्यावर रागाची बढत. १९८२ मध्ये ही तबकडी निघाली. ती खपली नाही. राग ऐकणाऱ्यांस त्यात डिस्को ऐकू आला, डिस्को ऐकणाऱ्यांस राग. आणि दोघांनीही तिच्याकडे पाठ फिरविली.

वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाच्या हाती तिची एक प्रत भारतात लागली. २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि पाश्चात्त्य रसिक थक्क झाले. कारण 'ॲसिड हाउस' म्हणून जे नृत्यसंगीत त्यांनी १९८७ पासून ओळखले होते, त्याच्याशी या तबकडीचे रूप विलक्षण जुळत होते, आणि तारीख पाच वर्षे आधीची होती. उतारवयात चरणजितसिंगांनी युरोपात कार्यक्रम केले. २०१५ च्या जुलैत त्यांचे निधन झाले.

आता शिकागोची बाजू. टीबी-३०३ बाजारात पडले, १९८४ च्या सुमारास कंपनीने ते काढणे बंद केले, आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. डीजे पिअर आणि त्याचे दोन मित्र यांनी असेच एक यंत्र मिळविले आणि ते वाजत असताना त्याच्या कळा पिळून पाहिल्या. त्यातून किंचाळणारा, वळवळणारा एक अपूर्व ध्वनी निघाला. मुंबईची तबकडी त्यांनी ऐकली नव्हती. आपले ध्वनिमुद्रण त्यांनी म्युझिक बॉक्स या नृत्यगृहातील रॉन हार्डी या डीजेकडे नेले. त्याने ते लावले तेव्हा नाचणारे थबकले, असे सांगतात. हार्डीने त्याच रात्री ते दुसऱ्यांदा लावले, तिसऱ्यांदा लावले; चौथ्या वेळी सारे नृत्यगृह नाचू लागले.

आमच्या मते सारा इतिहास त्या चौथ्या खेपेत आहे. कचेरीत आवक वहीवर कागदाची तारीख पडते. पण तारीख आधीची, म्हणून हुकूम त्याच कागदावर निघाला असे होत नाही. ज्या कागदाचा कोणी पाठपुरावा केला, त्यावर हुकूम निघतो. मुंबईत कल्पना होती, यंत्रे होती, तयारीचा हातही होता. नव्हता तो एक हार्डी. लोकांच्या नापसंतीला न भिता तीच तबकडी पुन्हा लावणारा मनुष्य. म्हणून चरणजितसिंग प्रथम ठरतात, पण पूर्वज ठरत नाहीत. प्रथमत्व तारखेवरून कळते. वंशावळीला पुढची पिढी लागते. आमच्या तरुण मित्राने दोहोंची गल्लत केली. शिकागोने चोरले असे म्हणण्यात शिकागोवर अन्याय आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्यामुळे आपल्या न ऐकण्याचा दोष झाकला जातो.

गढ्यात राहणाऱ्यास हे उमगावयास कठीण जाऊ नये. तारखेने पाहिले तर गढा वडील, गोंड राजांची राजधानी. आज पत्त्यावर तो जबलपूरचा एक भाग म्हणून लिहिला जातो. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य घेतले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. त्या सत्तांच्या खुणा आज शोधून काढाव्या लागतात. राणी दुर्गावती मात्र १५६४ मध्ये पडली तरी येथे घरोघर ठाऊक आहे. तिचे शौर्य अबुल फजलाने, म्हणजे शत्रूच्याच दरबारातील इतिहासकाराने, लिहून ठेवले. पण ती जिवंत राहिली ती दरवर्षी २४ जूनला तिची कथा येथे पुन्हा सांगितली जाते म्हणून. परका माणूस फार तर ठेवा जपून ठेवील. त्याचा वारसा करणे हे घरच्यांचेच काम.

परवा पुन्हा एक वरात आमच्या दारावरून गेली. या वेळी आम्ही खिडकी उघडली. तरुणाने एक गाणे लावले. कोणी हलले नाही. त्याने ते पुन्हा लावले. दुसऱ्या खेपेस वराचा एक म्हातारा काका पुढे आला आणि त्याने हात वर केले. उशीची आठवण आम्हांस त्यानंतर बऱ्याच वेळाने झाली.